सुवर्णपट आणि फुले

बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील जसोंडी हे माझे गाव. राज्य मध्य प्रदेश, शाळा हिंदी, घरची बोली मराठी. बाहेरगावी कोणी गाव विचारले की आम्ही बुऱ्हाणपूरचे नाव सांगतो आणि बुऱ्हाणपूर म्हटले की मुमताजमहालची गोष्ट आपोआप येते. १६३१ साली ती तेथे वारली आणि तिचे पहिले दफनही तेथेच झाले, हा इतिहास आहे. पण आमचे तेवढ्यावर भागत नाही. ताजमहाल आधी ताप्तीकाठीच बांधायचा होता, पण तिथल्या मातीला वाळवी निघाली म्हणून तो आग्र्याला गेला, असेही आम्ही छातीठोकपणे सांगतो. याला पुरावा काय, असे मला बंगळूरला जाईपर्यंत कोणी विचारले नव्हते. मीही कधी स्वतःला विचारले नव्हते.

काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणासाठी मी चार महिने बंगळूरला राहिलो. खोलीतला जोडीदार आंध्रातला होता. माझ्याहून वयाने लहान, मितभाषी आणि कमालीचा शिस्तीचा. चहा नाही, कॉफी नाही. दर रविवारी पांढरा सदरा, गळ्यात टाय आणि हातात निळ्या बांधणीचे एक पुस्तक. मी त्याला ख्रिस्ती समजत होतो. तो म्हणाला, "ख्रिस्तीच, पण लोक आम्हाला मॉर्मन म्हणतात." मॉर्मन हा शब्द मी प्रथम तेव्हा ऐकला. त्याने ते पुस्तक माझ्या हातात दिले आणि म्हणाला, "वाचा. मग प्रार्थना करा. खरे असेल तर मनाला कळेल."

मी वाचले. प्रार्थना मात्र केली नाही. त्याऐवजी ग्रंथालयात गेलो.

या पंथाची कथा थोडक्यात अशी. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात पामायरा नावाचे गाव आहे. तेथे जोसेफ स्मिथ नावाच्या शेतकऱ्याच्या मुलाला १८२३ साली एका देवदूताने टेकडीत पुरलेल्या सुवर्णपटांचा ठाव सांगितला. १८२७ साली ते त्याच्या हाती आले. त्यांवरील प्राचीन लिपीचे त्याने दैवी साहाय्याने भाषांतर केले आणि १८३० साली 'मॉर्मनचे पुस्तक' छापून निघाले. इ. स. पूर्व ६०० च्या सुमारास जेरुसलेमहून एक कुटुंब समुद्रमार्गे अमेरिकेत गेले, त्याच्या वंशजांची मोठी राष्ट्रे झाली, त्यांच्यात युद्धे झाली आणि येशू ख्रिस्तानेही तेथे दर्शन दिले, असा त्यातील वृत्तांत आहे. मग ते सुवर्णपट कुठे आहेत? देवदूत ते परत घेऊन गेला. ते पाहिल्याची साक्ष अकरा जणांनी दिली आहे, पण पट नाहीत.

आमच्याकडे एखादा ताम्रपट सापडला तर अभ्यासक त्याची लिपी, भाषा, शक, राजाचे नाव सगळे ताडून पाहतात. खोटे ताम्रपटही कमी निघालेले नाहीत. इथे तर पटच नाही, तेव्हा पुस्तकातील मजकूरच ताडायचा. त्या मजकुरात घोडे आहेत, गहू आहे, पोलाद आहे. अमेरिका खंडातले घोडे सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच नष्ट झाले होते आणि ते पुन्हा तेथे दिसले ते स्पॅनिश लोकांच्या जहाजांतून उतरल्यावर. तेथील आदिवासींचे पूर्वज मुख्यतः आशियातून आले, असे आनुवंशिकीचे संशोधन सांगते. पुस्तकाच्या प्रस्तावनेत पूर्वी त्या स्थलांतरित कुटुंबाच्या वंशजांना अमेरिकन इंडियनांचे 'प्रमुख पूर्वज' म्हटले होते. २००६ नंतर तेथे 'पूर्वजांपैकी' असा शब्द आला. एक शब्द बदलला आणि केवढा दावा मागे घेतला गेला!

दुसरा प्रसंग याहून बोलका आहे. १८३५ साली स्मिथने एका फिरत्या प्रदर्शकाकडून इजिप्तच्या ममी आणि पपायरसच्या गुंडाळ्या विकत घेण्याची व्यवस्था केली. त्यांत अब्राहमाचे लेखन आहे असे त्याने सांगितले आणि त्याचे भाषांतर १८४२ मध्ये प्रसिद्ध केले. त्या काळी अमेरिकेत ती लिपी वाचणारा जवळजवळ कोणी नव्हता. पुढे त्या गुंडाळ्या जळाल्या असेच सर्व समजून होते. पण त्यांचे काही तुकडे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात निघाले आणि १९६७ मध्ये ते चर्चकडे परत आले. जाणकारांनी वाचले तेव्हा ते मृताबरोबर ठेवायचे अंत्यविधीचे मंत्र निघाले. अब्राहमाचे त्यात नावही नाही. २०१३-१४ मध्ये खुद्द चर्चने काही लेख प्रसिद्ध केले. त्यात हे तुकडे आणि छापील मजकूर जुळत नाहीत, स्मिथने टोपीत एक खडा ठेवून त्यात पाहत भाषांतर सांगितले आणि त्याला अनेक बायका होत्या, हे मान्य केले आहे. या प्रामाणिकपणाचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे, जरी त्याला दीडशेहून अधिक वर्षे लागली.

हे सारे माझ्या इतक्या जिव्हाळ्याचे का व्हावे? एक कारण असे की हा पंथ आपल्याकडे फार पूर्वीच येऊन गेला आहे. १८५२ साली ह्यू फिंडले नावाचा प्रचारक मुंबईत उतरला आणि पुढे पुण्यात राहिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिकडे सॉल्ट लेक सिटीत बहुपत्नीत्वाची शिकवण उघडपणे जाहीर झाली आणि तिचे समर्थन करण्याची पाळी हजारो कोस दूर असलेल्या या प्रचारकांवर आली. पुण्यात थोडेफार अनुयायी मिळाले, पण १८५५-५६ च्या सुमारास ती सारी मोहीम आटोपली. ती बहुपत्नीत्वाची शिकवणही चर्चने १८९० मध्ये सोडली. कृष्णवर्णीय पुरुषांना पौरोहित्य नाकारणारा नियम तर १९७८ मध्ये सुटला. ईश्वरी म्हणून सांगितलेली आज्ञा अशी काळाप्रमाणे बदलते, तेव्हा ती पहिल्यापासून कोणाची होती हा प्रश्न उरतोच.

दुसरे कारण खरे, आणि ते सांगायला थोडी लाज वाटते. मला जिंकायचे होते. रोज रात्री दिवा मालवण्यापूर्वी मी एक नवा मुद्दा काढी. आज घोडे, उद्या पपायरस. तो बिचारा ऐकून घेई. एकदा मात्र उठून बसला आणि म्हणाला, "तुम्ही परवा कबीराची गोष्ट सांगितली. मगहरला त्यांच्या देहावरून हिंदू-मुसलमान भांडू लागले, चादर उचलली तर खाली फुले. ती फुले कोणी पाहिली?"

मी म्हणालो, "ती गोष्ट आहे. तिच्यावर आमचे काही अडलेले नाही."

"घरी असे म्हणता का?"

मी उत्तर दिले नाही. तो पुढे म्हणाला, "माझ्या आईची इच्छा आहे, मी दोन वर्षे प्रचाराला जावे. तुम्ही जे विचारता ते मी दोन वर्षांपूर्वीच वाचले आहे. तुम्हाला विचारायला काही खर्च नाही. मी विचारले तर माझी आई जेवणार नाही."

त्या रात्री मला झोप लागली नाही. मला आजोबा आठवले.

आमचे आजोबा कबीरपंथी. बुऱ्हाणपुरात कबीर निर्णय मंदिर आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे पूरणसाहेब होऊन गेले. बीजकावरील त्यांची 'त्रिज्या' ही टीका आजोबांच्या उशाशी असे. या परंपरेचा मुख्य शब्द पारख. सोनार सोने कसाला लावतो तसे प्रत्येक वचन, मग ते गुरूचे का असेना, कसाला लावून घ्यावे. जग निर्माण करणारा कर्ता वर बसला आहे, हेही ते गृहीत धरत नाहीत. आजोबा फार शिकलेले नव्हते, पण चमत्काराची गोष्ट निघाली की हसून विचारीत, "तू होतास का तिथं?" फुलांची गोष्ट मात्र आम्हा मुलांना तेच सांगत आणि सांगून झाल्यावर म्हणत, "फुलं असोत नसोत, भांडण मिटलं ना?"

जाण्यापूर्वी त्यांनी बजावले होते, "माझी तेरवी घालू नका. कर्ज काढून गाव जेवू घालू नका. बीजक वाचा, झालं." ते गेले. तेराव्या दिवशी गाव जेवले. काका म्हणाले, लोक काय म्हणतील. भाऊबंद म्हणाले, आत्म्याला गती मिळणार नाही. केळीच्या मालावर व्यापाऱ्याकडून उचल घेतली आणि ती फेडायला दोन हंगाम लागले. आत्म्याची गती पंगतीवर अवलंबून असते याला आधार काय, असे विचारणारा घरात एकच पदवीधर होता. तो मी. मी पंगतीत वाढप्याचे काम केले.

अमेरिकेतल्या टेकडीत सुवर्णपट होते की नाही, याविषयी मी रात्र रात्र वाद घालत होतो. माझ्या स्वतःच्या अंगणात एका अप्रमाणित गोष्टीपायी शेतातला माल गहाण पडला, तेव्हा माझ्या तोंडून शब्द निघाला नव्हता.

फिंडले पुण्याहून परतला त्याच सुमारास, १८५५ साली, जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. त्यात एक जोशी ग्रहपीडेचे भय घालून गरीब कुणबी जोडप्याला कर्जात लोटतो. परक्या पंथाचे दोष काढायला त्या काळी पुण्यात पुष्कळ विद्वान होते. जोतीरावांनी प्रश्न विचारला तो आपल्याच घरी येणाऱ्या जोशाला. पंडिता रमाबाईंचेही तसेच. आजच्या कर्नाटकातील गंगामूळ येथे १८५८ साली जन्मलेल्या या विदुषीने शास्त्रे पारखून सोडली आणि १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. आता तरी त्या गप्प बसतील असे तिथल्या धर्मभगिनींना वाटले असावे. पण त्रैक्याचा सिद्धान्त बायबलात कुठे आहे, असे त्या पत्रांतून विचारीतच राहिल्या. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मान सोडवून ती दुसऱ्याच्या जोखडात घालायला त्या तयार नव्हत्या. जिच्या आश्रयाला आपण राहतो तिलाच प्रश्न विचारणे किती अवघड असते, हे त्या पत्रांवरून कळते.

प्रशिक्षण संपवून मी जसोंडीला गेलो. आजी ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी विचारले, "आजी, कबीराची फुलं झाली होती हे खरं का गं?"

तिने मान वर केली नाही. "फुलं झाली का नाही, मी काही पाह्यलं नाही," ती म्हणाली. "तुझ्या आजोबाची तेरवी झाली, ते पाह्यलं."

एवढे बोलून ती पुन्हा खडे वेचू लागली. मी तिच्याजवळ बसून राहिलो. थोड्या वेळाने तिने सूप माझ्याकडे सरकवले.

त्यानंतर मी काकांशी बोललो. आजीच्या वेळी उचल घ्यायची नाही, असे स्पष्ट सांगितले. काका रागावले. दिवाळीला आमच्या घरी आले नाहीत. आजी अजून धडधाकट आहे, त्यामुळे माझ्या शब्दाची परीक्षा अजून व्हायची आहे. ती होईल तेव्हा मी टिकेन की पुन्हा वाढप्याचे भांडे हातात घेईन, हे आज ठामपणे सांगता येत नाही.

बंगळूरच्या त्या मित्राचा अधूनमधून फोन येतो. त्याने शेवटी आईला सांगितले. ती दोन दिवस जेवली नाही, तिसऱ्या दिवशी जेवली. तो प्रचाराला गेला नाही. रविवारी मात्र आईबरोबर जातो, कारण तिथली गाणी त्याला आवडतात आणि आजारी माणसाच्या घरी डबा पोचवणारे लोक तिथेच भेटतात. चहा अजूनही घेत नाही. मी चिडवले तर म्हणतो, "सवय आहे, सिद्धान्त नाही."

परवा त्याने विचारले, "तुमच्या त्या ताजमहालाच्या वाळवीचा पुरावा सापडला का?" मी म्हणालो, "शोधतो आहे." आणि खरोखरच शोधतो आहे.