दोराच्या दोन्ही टोकांना

भाईंदर पश्चिमेच्या जेट्टीवरून वसईची रो-रो सुटली, तेव्हा मोटारसायकलींच्या दाटीत आमची एक लांबोडकी पिशवी सगळ्यांच्या पायांत येत होती. ही फेरी २० फेब्रुवारी २०२४ला सुरू झाली आणि रस्त्याने तीस-पस्तीस किलोमीटरचा वळसा होता, तो खाडीवरून पाव तासावर आला. पिशवी भाच्याची. गोव्यात तो वेकबोर्डवाल्यांना ओढणारी बोट चालवतो. तिथल्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत त्याने पॉवरबोटीचे प्रशिक्षण घेतले आहे.

“मामा, पुढे काय बघतोस? मागे बघ,” तो म्हणाला. रेल्वेचे पूल आणि पाणजू बेट मागे पडत होते आणि बोटीमागे पाण्याच्या दोन तिरक्या वळ्या लांबत चालल्या होत्या. वेकबोर्डिंगचा सगळा खेळ या वळ्यांवर. दोर धरून फळीवर उभा असलेला स्वार बाहेरून तिरका येतो, लाटेच्या उतारावर चढतो आणि माथ्यावरून उडतो. लाट मोठी व्हावी म्हणून खास बोटींत पाण्याची टाकी भरून वजन वाढवतात. दोर बांधतात तोही उंच मनोऱ्याला, म्हणजे ओढ थोडी वरच्या दिशेने मिळते.

मूळ बीज जुने. १९२२मध्ये अमेरिकेतल्या लेक पेपिनवर राल्फ सॅम्युएल्सनने दोन फळ्यांवर वॉटर स्की करून दाखवले. १९८५मध्ये सान दिएगोच्या टोनी फिनने सर्फबोर्ड आणि स्की यांच्या मधली ‘स्कर्फर’ आणली. ती फार तरंगायची, त्यामुळे खोल पाण्यातून उठणे अवघड जाई. १९९०मध्ये हर्ब ओब्रायनने कमी तरंगणारी फळी काढली आणि खेळ सामान्यांच्या आवाक्यात आला.

पिशवी उघडल्यावर आजूबाजूचे चारजण वाकले. नवशिक्याला फळी जरा लांब हवी, वजनाप्रमाणे साधारण १३५ ते १४५ सेंटिमीटर. खालची पाती तिला सरळ ठेवतात. पाय बुटांत घट्ट बसतात, पण जोरात पडल्यावर सुटले पाहिजेत. दोर न ताणणारा. ताणणारा दोर तुटला किंवा हातातून सुटला तर सणकन बोटीकडे परततो. नवशिक्याला दहा-पंधरा मीटर पुरे, सराईत वीस मीटरच्या पुढे जातात. जॅकेटच्या बाबतीत मात्र भाचा हट्टी आहे. नुसता मार सोसणारा पातळ व्हेस्ट दिसायला ऐटदार, पण बेशुद्ध माणसाला तो वर धरीलच असे नाही. त्याच्या बोटीवर बसून नुसते बघणाऱ्यालाही जॅकेट घालावे लागते. १८ डिसेंबर २०२४ला मुंबई बंदरात नौदलाची चाचणी चाललेली स्पीडबोट ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली, ते तो विसरलेला नाही. पाण्यावरचा धक्का सांगून येत नाही.

वसईच्या धक्क्यावर चहा घेऊन आम्ही परतलो आणि बसने उत्तन गाठले. किनाऱ्यावर बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत होते. जाळे शिवत बसलेल्या एका तांडेलाला पिशवीचे कुतूहल वाटले आणि मग दुपार त्याच्याकडेच गेली.

भाच्याने सांगितले, बोटीवर किमान दोघे लागतात. चालवणाऱ्याची नजर पुढे, दुसऱ्याची सतत मागे. तांडेल हसला. एकट्याने सुकाणू आणि जाळे सांभाळणारा त्याने तरी पाहिला नव्हता. स्वाराच्या खुणा ठरलेल्या: अंगठा वर म्हणजे वेग वाढव, खाली म्हणजे कमी कर, गळ्यावरून आडवा हात म्हणजे थांब. पडल्यावर स्वाराने हात वर करून ठीक असल्याचे कळवायचे. बोट लगेच मंद करून वळवायची आणि त्याच्याकडे यायचे ते चालकाच्या बाजूने, म्हणजे तो नजरेआड होत नाही. त्याला वर घेताना इंजिन पूर्ण बंद. नुसते न्यूट्रल पुरत नाही. पंखा फिरत राहू शकतो, हात लागून गिअरही पडू शकतो. चालू इंजिनामागे लटकणे तर सरळ घातक, कारण तिथे साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

“मग इथे खाडीत का नाही?” मी विचारले. उत्तर तांडेलाने दिले. उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढते, ओहोटीला तेच ओढत नेते आणि वाळूचे दांडे उघडे पडतात. शिवाय डोल जाळी खुंटांना बांधलेली. त्यांच्यातून दोर ओढत धावणे म्हणजे स्वतःचा पंखाही गुंतवणे आणि कोळ्याचे जाळेही फाडणे. भाच्याला तळ खोल, वाहतूक नसलेले, संथ पाणी लागते. दोघांचे पटकन जमले.

त्याने मला वाळूतच बसवले. फळीवर पाय, गुडघे छातीशी, हात सरळ, दोराची दांडी गुडघ्यांजवळ. तो पलीकडून दोर ओढू लागला. मी हातांनी ओढून उभा राहू पाहिले आणि आपटलो. दांडी ओढायची नसते, ओढ लागेपर्यंत उकिडवे बसून राहायचे असते. बोटीलाही हेच लागू: आधी संथपणे दोर ताठ करायचा, मग एकसारखा वेग. नवशिक्याला ताशी पंचवीस-तीस किलोमीटर पुरतात. एकदम थ्रॉटल दिला तर दांडी हातातून जाते.

परतीच्या बसमध्ये पिशवी आडवी मावेना, उभी छताला टेके. वाहकाने तिला वरून खालपर्यंत न्याहाळले. “इस्त्रीची फळी आहे का? तिकीट लागेल.” भाच्याने दोन तिकिटांचे पैसे काढले आणि तिसरे पिशवीचे.