पूर्व भागातली सर्वपिंडी

सोलापुरात पाहुणा आला की त्याचा कार्यक्रम ठरलेला असतो. पहिल्या दिवशी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, दिवस थंडीचे असले तर हुरडा, आणि निघताना पिशवीत शेंगापोळ्या व एक चादर. ती चादर ज्या हातांनी विणली ते हात स्वतःच्या घरी काय खातात, हे पाहुणा विचारीत नाही आणि यजमानही सांगत नाही.

ते हात पूर्व भागात राहतात. १८७७ साली इथे जुनी गिरणी निघाली. गिरण्यांच्या आणि हातमागांच्या ओढीने तेलंगणातले पद्मशाली विणकर आले आणि पिढ्यान्‌पिढ्या इथलेच झाले. रस्त्यात मराठी, घरात तेलुगू. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ पाहायला आपण तिकडे जातो, टॉवेल घ्यायला जातो. जेवायला म्हणून कोण जातो?

आम्हीही टॉवेलांसाठीच गेलो होतो. भाचीच्या लग्नात वाटायचे होते. आमची ही बरोबर असल्यामुळे निवडानिवडीत दीड वाजला. भुकेचा विषय निघताच दुकानदाराने एका बोळाकडे बोट केले. "अम्माकडं जावा की."

पाटी नाही. घराचीच पुढची खोली, दोन बाकडी, एक शेगडी आणि भिंतीशी उपडी घातलेली चार खोलगट पातेली. अम्मा साठीच्या पुढच्या. अनेक वर्षे विड्या वळल्या, पाठ धरली तेव्हा हे सुरू केले. "बसा की ओ. तिखट चालतंय न्हवं?"

पदार्थ एकच, सर्वपिंडी. तांदळाच्या पिठात भिजवलेली हरभऱ्याची डाळ, शेंगदाण्याचा भरड कूट, तीळ, कांदा, कढीलिंब आणि हिरवी मिरची. हा गोळा तव्यावर नव्हे, पातेल्याच्या आतल्या अंगाला, तळापासून कडेपर्यंत हाताने थापायचा. बोटाने भोके पाडायची, त्यांत तेल सोडायचे आणि झाकण ठेवून मंद आचेवर बसू द्यायचे. उलटायचे नाही. खालून खरपूस, वरून मऊ, अशी खोलगट टोपी निघते. सोबत अंबाडीची चटणी.

"थालीपीठच की हे!" ही म्हणाली. पहिल्या घासानंतर मात्र गप्प झाली, आणि आमच्या घरी ही घटना नोंद करण्यासारखी आहे. थालीपिठात भाजणी बोलते. इथे शेंगदाणा आणि तीळ. भुईमूग काय, मिरची काय, दोन्ही अमेरिका खंडातून समुद्र ओलांडून आलेली. पण अम्माच्या पातेल्यात ती जन्माचीच वाटतात.

हॉटेलवाले हा पदार्थ का करीत नाहीत ते समोरच दिसत होते. तापलेल्या पातेल्यात पीठ थापता येत नाही. एक पिंडी निघाली की पातेले पाण्यात टेकवून गार करायचे, पुसायचे, मग दुसरी. चार पातेली, म्हणजे एका वेळी चार माणसे. पाचव्याने थांबायचे.

यावरूनच मायलेकांची रोज जुंपते. मुलगा टॉवेलच्या कारखान्यात; काम कधी असते, कधी नसते. त्याचे म्हणणे, मोठा सपाट तवा आणू, तासाला तीस निघतील, पुढे मंच्युरियनही ठेवू. त्याचे चुकते असे मला म्हणवत नाही. हप्ते त्याला भरायचे आहेत. आम्ही दोन पिंड्या खाऊन रिक्षाने घरी जाणार.

"तव्यावर केली की थालपीठ झालं ते," अम्मा पीठ मळता मळता म्हणाल्या. "मग माझ्याकडं कशाला येतील ओ लोकं?"

त्यानंतर आम्ही चार-पाचदा गेलो. मुलाने तवा आणला नाही, पण गेल्या महिन्यात आणखी दोन पातेली आणली. नवे पातेले पिंडी सोडीत नाही, तळाला धरून ठेवते. त्यामुळे पहिल्या चार-सहा पिंड्या कडेने तुटूनच निघाल्या. गिऱ्हाइकाला त्या देणे अम्मांना पटेना. त्यांनी आमच्या ताटात वाढल्या आणि पैसे घेतले नाहीत. हिने आणखी एक मागून घेतली.