अकरा मिनिटांचा चहा

ऑफिसात पीसी सुरू व्हायला दोन मिनिटं जास्त लागली, की आपण लगेच आयटीवाल्याला फोन लावतो. तो येतो, ‘रॅम वाढवायला पाहिजे’ म्हणतो आणि जातो. तेवढ्यात आपली कॉफी होते. पगार थोडाच कापला जातो? पण समजा, त्या प्रत्येक मिनिटाचे पैसे जात असतील तर? आणि समोर रांग लागलेली असेल तर?

माझ्या मामाचं वडवणीत झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. वडवणी म्हणजे बीड-परळी रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. 2023च्या जुलैत मी सुट्टी काढून गेले, तर दुकानासमोर ही गर्दी! त्याच खरिपापासून राज्यात एक रुपयात पीक विमा सुरू झाला होता (ती योजना 2025मध्ये बंद झाली), आणि 31 जुलै तोंडावर आली होती. शेतकऱ्याने एक रुपया द्यायचा, आणि केंद्रचालकाला विमा कंपनीकडून एका अर्जामागे 40 रुपये.

गर्दी होती, पण पीसी सुरू होत नव्हता. ‘तू चहा घे बाई, तवर होतंय चालू,’ मामा म्हणाला. मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. तब्बल अकरा मिनिटं!

बरं, हे दिवसातून एकदा असतं तर ठीक. पण लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. दिवसात पाच वेळा गेली तर 55 मिनिटं पाण्यात. एका अर्जाला सात मिनिटं धरा, म्हणजे आठ अर्ज, 320 रुपये. आणि रानातली कामं टाकून आलेल्या माणसाची दिवसाची मजुरी गेली, ती वेगळीच.

दुपारी गर्दी ओसरल्यावर मी कॅबिनेटसमोर ठाण मांडलं. वेळ नेमका कुठे जातोय ते आधी पाहिलं. बटण दाबल्यापासून लोगो दिसेपर्यंत पंधरा सेकंद, म्हणजे तिथे गडबड नाही. लोगोवर चार मिनिटं. मग डेस्कटॉप दिसतो, पण माउस हलवला तर मख्ख! तिथे उरलेली सगळी मिनिटं. आणि तेवढा वेळ हार्ड डिस्कचा दिवा अखंड पेटलेला.

पहिलं काम बॅकअप. उधारीची वही, गिऱ्हाइकांच्या पावत्या, सगळं त्या एकाच डिस्कवर होतं. ते बाहेर काढलं आणि मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर चालवलं. पिवळा रंग, ‘कॉशन’. डिस्क आजारी होती.

मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला. ‘स्टार्टअप’मध्ये चौदा पाहुणे! दोन-दोन अँटिव्हायरस, कधीच न वापरलेलं चॅट, काढून टाकलेल्या प्रिंटरचा मदतनीस. नको ते बंद केले. अकराची साडेसात मिनिटं झाली. आठ जीबी रॅम अर्धी रिकामी होती, म्हणजे रॅम वाढवून काही फरक पडला नसता. डिस्क मात्र 100 टक्के बिझी.

याचं कारण साधं आहे. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, मिनिटाला 7200 फेरे. हव्या त्या जागी सुई न्यायची आणि तो भाग फिरून खाली यायची वाट बघायची. सेकंदाला अशा जेमतेम शंभरेक फेऱ्या होतात. विंडोज सुरू होताना तर हजारो छोट्या फाइल्स मागते. एसएसडीत फिरणारं काही नसतंच, त्यामुळे ती हे काम कितीतरी पट लवकर उरकते.

240 जीबीची एसएसडी हजार-दीड हजारात येत होती. पण मामा ऐकेना. ‘शीजन होऊ दे. दुकान बंद ठिवलं तर लांबून आलेला माणूस माघारी जाईल.’ मी म्हटलं, ‘मामा, डिस्क त्याआधीच गेली तर?’ तो गप्प. शेवटी मामीनेच निकाल दिला, ‘रात्री करा की!’

भाऊ बीडहून एसएसडी घेऊन आला, आणि सोबत यूपीएससाठी 12 व्होल्टची बॅटरी. कारण जुनी बॅटरी मेलेली होती. लाइट गेली की पीसी धाडकन बंद व्हायचा, आणि असे झटके कुठल्याच हार्ड डिस्कला मानवत नाहीत. आजारी डिस्कची नक्कल करण्यापेक्षा विंडोज नव्याने टाकलं. बारापर्यंत सगळं मस्त. मग अंगठ्याचं मशीन ओळखच दाखवेना! मामीच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून ड्रायव्हर उतरवला, तेव्हा दोन वाजले होते.

सकाळी पीसी चाळीस सेकंदांत सुरू झाला. दिवसभरात लाइट चारदा गेली, पण यूपीएसमुळे पीसी एकदाही बंद पडला नाही. सुरू व्हायचा वेळ कमी झालाच, पण पुन्हा सुरू करायची वेळच आली नाही, हे त्याहून भारी!

तुमचाही घरचा पीसी रडतोय? मग नवा घ्यायच्या आधी एवढं करा:

- बॅकअप घ्या. बाकी सगळं त्यानंतर.
- वेळ लोगोआधी जातो की नंतर, ते मोजा. लोगोआधी जात असेल, तर जास्तीचे पेनड्राइव्ह काढून बघा आणि आतल्या केबल तपासा.
- स्टार्टअपमधले पाहुणे कमी करा. अँटिव्हायरस एकच पुरे.
- सी ड्राइव्हवर जागा मोकळी ठेवा.
- डिस्क 100 टक्क्यांवर आणि रॅम रिकामी असेल, तर खर्च एसएसडीवर करा.

आणि हो, आयटीवाल्याने ‘रॅम’ म्हटलं, की त्याला आधी टास्क मॅनेजर उघडून दाखवायला सांगा!