बाबांची खुर्ची आणि ४१ हर्ट्झ

सी विंगमधल्या ज्या मंडळींनी मागच्या वर्षी माझ्या ब्लूटूथच्या डब्याबद्दल रेक्टर सरांकडे तक्रार केली, त्यांचे सर्वप्रथम जाहीर आभार! डबा जप्त झाला, मी पाच आठवडे निमूटपणे अभ्यास केला आणि चक्क सगळे विषय सुटले. पण आज लिहायचंय ते त्या डब्याबद्दल नाही. आमच्या घरी त्यापेक्षा बरेच मोठे तीन डबे आले, त्यांच्याबद्दल.

दादा माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. ३० ऑक्टोबर २०११ ला बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर मेटालिका वाजली, तेव्हा हा सेकंड इयरला होता. घरी 'इंडस्ट्रियल व्हिजिट' सांगून जनरलच्या डब्यातून गेला आणि परत आल्यावर दोन दिवस कानात शिट्टी वाजत होती म्हणे. (डाव्या कानातली अजूनही अधूनमधून वाजते. हे आईला माहीत नाही. त्यामुळे हा अंक घरी न्यायचा नाही असं मी ठरवलंय.) घरी एक दिवस खरे स्पीकर घ्यायचे हे त्याचं तेव्हापासूनचं स्वप्न. नोकरी, घराचं कर्ज, ताईचं लग्न असं करत करत तो मुहूर्त गेल्या दिवाळीत लागला. गाडीसाठी साठवलेले पैसे त्याने स्पीकरकडे वळवले. आई तीन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

तांत्रिक सल्लागार म्हणून सोबत अस्मादिक. ई अँड टीसीचा विद्यार्थी म्हटल्यावर घरचे आपल्याला मिक्सर दुरुस्तीपासून सॅटेलाइटपर्यंत काहीही विचारतात, तसंच हे.

पुण्यातल्या त्या दुकानात खाली जाड गालिचा, भिंतींना फोम, एसी आणि अंधुक दिवे. तिथे काहीही लावलं तरी भारीच वाजत होतं. मी आपला मागचं लेबल वाचून वॅट शोधत होतो. (पूर्वी खोक्यांवर 'पीएमपीओ'चे हजारो वॅट छापायचे ना, त्याच जातीचा माझा अभ्यास.) दुकानदार काका म्हणाले, वॅट ॲम्प्लिफायरचे बघा, स्पीकरची सेन्सिटिव्हिटी बघा. मग डोक्यात प्रकाश पडला. केईएफचा 'एलएस ५० मेटा' हा छोटा, दिसायला देखणा स्पीकर ८५ डेसिबलचा. क्लिप्शचा 'हेरेसी ४' ९९ चा. फरक फक्त १४. पण डेसिबल लॉगमध्ये असतो. दहाचा १.४ वा घात म्हणजे २५! तेवढाच आवाज काढायला एकाला दुसऱ्याच्या पंचवीस पट पॉवर लागते. गाणं एका सुरात चालू आहे तोवर हे जाणवत नाही. पण ड्रमरने स्नेअरवर अचानक काठी मारली की त्या क्षणापुरती मागणी किती तरी पट वाढते आणि छोट्या स्पीकरचा जीव जातो. रॉकचा सगळा खेळ त्या क्षणाचा. आवाजातली नजाकत मला केईएफची जास्त आवडली, खोटं कशाला बोला. पण पैसे दादाचे आणि रॉकही दादाचंच. १२ इंची वूफर आणि हॉर्नवाले हेरेसी घ्यायचे ठरले. १९५७ पासून चालत आलेलं मॉडेल, आणि नावाचा अर्थ पाखंड. आईला अर्थ सांगितला नाही.

आता सबवूफर. तो तपासायला दादाने बॅगेतून काय काढावं? मेटालिकाचा 'अँड जस्टिस फॉर ऑल', १९८८. काका गालातल्या गालात हसले. कारण ह्या अल्बममध्ये बेस गिटार मिक्सिंगमध्ये इतकं दाबलेलं आहे की ते जवळजवळ ऐकूच येत नाही. चाहते त्यावरून आजही भांडतात. बासच नसलेल्या अल्बमवर सबवूफरची परीक्षा! मग त्यांनीच लेड झेपेलिनच्या १९७१ च्या अल्बममधलं शेवटचं गाणं लावलं. त्याचे ड्रम हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या वाड्याच्या प्रवेशदालनात ठेवून जिन्यावर टांगलेल्या माइकने रेकॉर्ड केलेत. म्हणजे आपण ड्रमबरोबर ती वास्तूही ऐकतो. दादा "सॉलिड" म्हणाला. मी पण म्हणालो. पण आपलीही एक वास्तू आहे, आणि तीसुद्धा वाजणार आहे, हे तेव्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

दुसरा एक सब २० हर्ट्झच्या खाली जातो म्हणून महाग होता. पण चार तारांच्या बेस गिटारची सगळ्यात जाड, मोकळी ई तार ४१ हर्ट्झची. पाच तारांचा बेस असेल तर ३१. त्याच्या खाली असतात ते सिनेमातले स्फोट. रॉकवाल्याने त्यासाठी जादा पैसे मोजायचं कारण नाही. हेरेसी साधारण ४८ पर्यंत उतरतो, म्हणजे ई तार हुकते. तेवढ्यासाठी सब हवाच. १२ इंची, सीलबंद खोक्याचा घेतला. भोकवाला सब खालच्या पट्टीत जास्त दणका देतो, पण त्याचा धक्का थोडा रेंगाळतो. बास ड्रमला कसं, 'धप्' म्हटलं की संपलं पाहिजे, 'धप्पssम' नको.

टीव्हीच्या दोन बाजूंना स्पीकर, कोपऱ्यात सब. फोटो काढले आणि मी हॉस्टेलला परतलो.

सहाव्या सेमची शेवटची ओरल देऊन निगडीला घरी गेलो, तर संध्याकाळी बाबांची खुर्ची रिकामी. आमच्या घरी ही खुर्ची म्हणजे ध्रुव ताऱ्यासारखी. टीव्हीच्या समोरच्या भिंतीला, खिडकीखाली, मधोमध. बाबा गॅलरीत स्टुलावर बसले होते. हॉलमध्ये दादा बरोबर मध्यावर चटई टाकून, डोळे मिटून, मान हलवत.

"बाबा, बाहेर का?"

"आत हॅमर चालू आहे रे," बाबा म्हणाले.

बाबा फोर्जिंग शॉपमध्ये २७ वर्षं होते. हॅमर म्हणजे काय ते त्यांना विचारावं. त्यांच्या नोकरीच्या काळात कारखान्यांच्या नियमांत आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा होती. अमेरिकेची निऑश ही संस्था ८५ म्हणते, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करते. बाबांची सोय एकच होती, कानात कापूस. निवृत्तीनंतर कान तपासले तेव्हा ऑडिओग्रामची रेघ ४००० हर्ट्झपाशी दरीत कोसळलेली. आवाजाने गेलेल्या कानांची ही ठरलेली खूण. त्या पट्टीत 'स', 'श', 'फ' राहतात. "किती वाजले?" विचारल्यावर आपण "सात" म्हणालो तर बाबांना "आत" ऐकू येतं आणि ते दाराकडे बघतात. पूर्वी आम्ही हसायचो. खालचे आवाज मात्र त्यांना तुमच्या-आमच्याइतकेच ऐकू येतात. आणि मोठा, जाड आवाज हा बारीक आवाजांना झाकून टाकतो, उलटं तितकं होत नाही. म्हणजे बाबांकडे उरलेली जी थोडीफार बोलणी होती, त्यांच्यावर दादाचा सब गोणपाट टाकत होता.

दादाचं म्हणणं, "अरे पण बासच कमी आहे! मी सब अजून वाढवणार होतो." त्याने मोबाइलवर मोजून दाखवलं, ७६. शप्पथ, मी बाबांच्या खुर्चीत जाऊन बसलो तेव्हा पोटात ढवळलं. त्याच्या ॲपमध्ये ए-वेटिंग होतं, आणि ते ४० हर्ट्झला जवळपास ३५ डेसिबल वजा करूनच आकडा दाखवतं!

वही घेतली. हॉल १४ बाय १० फूट. १४ फूट म्हणजे ४.२७ मीटर. आवाजाचा वेग ३४३ भागिले दुप्पट लांबी, उत्तर ४०. रुंदीचं उत्तर ५६. आता बेस गिटारची ई तार ४१ ची आणि तिच्या शेजारची ए तार ५५ ची. आयला! आमचा हॉल म्हणजे बिल्डरने नकळत ट्यून करून दिलेलं बेस गिटारच. त्यात अर्धंअधिक मेटल ई मध्ये. स्टँडिंग वेव्हमध्ये भिंतींपाशी दाब जास्तीत जास्त आणि मधोमध शून्य, हे बारावीच्या रेझोनन्स ट्यूबपासून पाठ आहे. दादा बसायचा मध्यात, तिथे ई नाही आणि ए पण नाही. बाबा भिंतीला, तिथे ई डबल. एकाला कमी पडतं म्हणून तो वाढवतो आणि दुसरा घराबाहेर जातो, एकाच खोलीत. आणि सब कोपऱ्यात, जिथून सगळेच मोड्स जोरात चेततात.

उपाय नेटवर्कच्या पुस्तकात सापडला. रेसिप्रॉसिटी थिअरम! ज्यात माझी केटी लागली होती तोच. सोर्स आणि रिसीव्हरची अदलाबदल केली तरी उत्तर तेच येतं. म्हणून सब उचलून ऐकणाऱ्याच्या जागी ठेवायचा आणि आपण गुडघ्यावर रांगत, जिथे बास सगळ्या सुरांना सारखा ऐकू येईल ती जागा शोधायची. ती सबची जागा. दादाला वाटलं ऐकणारा म्हणजे तो. मी म्हटलं, नाही, बाबांची खुर्ची. तो जरा गप्प झाला, मग म्हणाला, "धर त्या बाजूने."

तर वीसेक किलोचा तो ठोकळा आम्ही बाबांच्या खुर्चीत बसवला आणि दोन इंजिनिअर (एक होऊ घातलेला) फरशीवर रांगू लागले. आई बाहेर येऊन म्हणाली, "काय हरवलं रे?" मागोमाग बाबा. सबकडे बघून म्हणाले, "आता हा बसणार होय इथे?"

जागा सापडली ती लांब भिंतीच्या बरोबर मध्यावर. साहजिकच आहे, लांबीच्या मोडचा तिथे शून्य, म्हणून तिथला सब त्याला चेतवतच नाही. फक्त तिथे आईचं शिलाई मशीन होतं. त्या वाटाघाटींवर वेगळा लेख होईल. मशीन बेडरूममध्ये गेलं, बदल्यात दादाने त्याला मोटर बसवून द्यायचं कबूल केलं.

खुर्ची मात्र हलवावी लागणार होती. रुंदीच्या मध्यावर असल्यामुळे तिथे ए तार ऐकूच येत नव्हती, आणि त्यावर सब कुठेही नेऊन इलाज नाही. दीड फूट डावीकडे. मी घाबरत विचारलं. बाबांनी स्वतः उठून खुर्ची सरकवली. फरशीवर जुन्या चार पायांचे चार काळे ठसे राहिले, ते अजून आहेत. दादाची चटई दोन फूट मागे आणि एका बाजूला गेली.

आणि मग गंमत झाली. दादाने आपणहून आवाज कमी केला. बेल लॅब्सच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलंय की आवाज हळू केला की कानाला बास सगळ्यात आधी कमी पडतो. म्हणून हळू लावलेलं रॉक पत्र्याच्या डब्यासारखं लागतं आणि आपण नॉब फिरवत सुटतो. बास नीट भरला की फिरवावासा वाटत नाही. सब जोरात ऐकण्यासाठी घ्यायचा अशी माझी दुकानात समजूत होती. सी विंगमध्येही बहुतेकांची आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तेच जिन्याजवळचे ड्रम चालू होते. बाबा खुर्चीत पेपर वाचत होते. मध्येच पान उलटताना म्हणाले, "हा माणूस घाई करत नाही." कौतुक होतं की तक्रार, कळलं नाही.

आतून आईने विचारलं, "अहो, चहा टाकू का?"

गाणं बंद नव्हतं केलं. दादाचा हात सवयीने रिमोटकडे गेला होता.

"अर्धा कप," बाबा म्हणाले आणि पुढचं पान उघडलं.