ऑपरेशनला उशीर का होतो? भुलीच्या मशीनची तपासणी

"पेशंटला आत नेऊन अर्धा तास झाला, अजून सुरूच करना गेलेत!" थिएटरबाहेर हे वाक्य मी नेहमी ऐकतो. त्या अर्ध्या तासात भूलतज्ज्ञ काय करतो, ते आज सांगतो.

पूर्ण भूल देताना स्नायू सैल करणारं औषध दिलं की पेशंटचा स्वतःचा श्वास थांबतो. तिथून पुढे श्वास द्यायचा आम्ही आणि मशीनने. ऑक्सिजन तुटला तर मेंदूला इजा व्हायला काही मिनिटं पुरतात. म्हणून आधी तपासणी, मग भूल.

मी सर्वात आधी अंबू बॅग शोधतो. मशीन बंद पडलं किंवा वीज गेली, तर हाताने श्वास देणारी ही पिशवीच कामी येते. मग पाइपलाइनचा दाब आणि राखीव सिलिंडर. 21 एप्रिल 2021 रोजी नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि पुरवठा तुटून किमान 22 रुग्ण दगावले. राखीव साठा का लागतो, हे त्यानंतर वेगळं सांगावं लागत नाही.

ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राने साध्या हवेत 21 टक्के दाखवायला हवेत. ऑक्सिजन बंद केला की भोंगा वाजायला हवा. शेवटी गळती: नळीचं तोंड दाबून, झडप बंद करून दाब 30 वर नेतो. तो किमान 10 सेकंद टिकला पाहिजे.

एकदा नांदेडजवळच्या एका गावी हर्नियाच्या ऑपरेशनला गेलो होतो. काटा 30 वरून हळूहळू खाली येत होता. नळी बदलून पुन्हा सगळं तपासण्यात वीस मिनिटं गेली. बाहेर मुलगा चिडला होता, "बाबा रात्रीपासून उपाशी आहेत, डॉक्टर!" ऑपरेशन नीट पार पडल्यावर ती जुनी नळी मी त्याच्यासमोर पाण्यात बुडवून फुंकली. पंक्चर काढताना सायकलच्या ट्यूबमधून येतात तसे बुडबुडे आले. घडीत केसाएवढी चीर होती. तो म्हणाला, "बरं झालं थांबलात."

तुम्हीही भूलतज्ज्ञाला खुशाल विचारा, "मशीन तपासलं का?" आम्हाला राग येत नाही. फक्त उशीर होतोय म्हणून, न विचारता पेशंटला घोटभर चहासुद्धा देऊ नका. भुलेत उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते, आणि ते कुठल्याही मशीनच्या तपासणीत सापडत नाही.