छेदातलं शून्य

अकरावीच्या मुलांना कॅन्सल करायला फार आवडतं. फळ्यावर (क्ष² − ४)/(क्ष − २) लिहून खडू खाली ठेवेपर्यंत ‘क्ष अधिक दोन!’ असा पुकारा होतो. वर (क्ष − २)(क्ष + २), खाली (क्ष − २), उडवलं, संपलं. पण आलेख काढायला सांगितला की सगळे पट्टीनं सलग रेघ ओढतात आणि मी त्या रेघेवर (२, ४) पाशी एक बारीकसं पोकळ वर्तुळ काढतो. तिथे आलेख नाही. क्षच्या जागी २ ठेवले तर मूळ राशीचे ०/० होतात, म्हणजे तिला किंमतच उरत नाही. मोबाइलवरचं ॲप हे भोक सहसा दाखवत नाही. एका बिंदूला रुंदीच नसते, ते बिचारं काय दाखवणार? भोक डोळ्यांना सापडत नाही, छेद तपासला तरच सापडतं.

आता छेदात तोच (क्ष − २) ठेवून अंशात नुसता १ लिहा. क्ष २.१ असताना किंमत १०, २.०१ असताना १००, २.००१ असताना १०००. डावीकडून आलात तर १.९९ ला उणे १००. क्ष = २ वर उभी अनंतस्पर्शी रेषा भिंतीसारखी आडवी येते आणि आलेखाचे दोन तुकडे होतात. शून्य तेच, जागा तीच. पहिल्या वेळी अंशही त्याच जागी शून्य होत होता, म्हणून नुसत्या भोकावर भागलं; दुसऱ्या वेळी छेद एकटा पडला. म्हणून माझ्या तासाला काहीही उडवण्याआधी फळ्याच्या कोपऱ्यात ‘क्ष ≠ २’ लिहायचं आणि तास संपेपर्यंत पुसायचं नाही. मुलांना हा माझा विक्षिप्तपणा वाटतो.

तो तसा जुना आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) एक उदाहरण येतं. एका संख्येला शून्यानं गुणलं, आलेल्यात त्याचंच अर्ध मिळवलं, तिप्पट केली, शून्यानं भागलं, तर ६३ आले, संख्या कोणती? आजचा विद्यार्थी पहिल्याच पायरीला हात झटकेल: शून्यानं गुणलं ना, मग सगळं शून्य. भास्कराचार्य म्हणतात, पुढे क्रिया बाकी असतील तर घाई करू नका. राशी ‘खगुण’ म्हणून तशीच मांडून ठेवा. नंतर शून्यानंच भागायची वेळ आली तर ती होती तशी राहते. मग दीडपट, तिची तिप्पट साडेचार, ६३ भागिले साडेचार, उत्तर १४. आणि जिच्या छेदात नुसतंच शून्य, ती ‘खहर’. तिच्यात काही मिळवा, काही काढा, ती ढळत नाही. ‘बीजगणिता’त यासाठी ते अनंत अच्युताचा दाखला देतात. म्हणजे भोक आणि भिंत यांचे हिशेब त्यांनी वेगळे ठेवले होते. आज आपण तिथे शून्याऐवजी शून्याकडे जाणारी संख्या घेऊन सीमा काढू, आणि आजच्या काटेकोरपणानं तपासलं तर त्यांच्या मांडणीला पूर्ण गुण मिळणार नाहीत. पण शून्य उडवण्याआधी त्याची नोंद ठेवायची शिस्त तिथे आहे, आणि मला ती सीमेच्या व्याख्येच्याही आधी शिकवावीशी वाटते.

आडव्या अनंतस्पर्शीबद्दल थोडंच. ‘आलेख तिला कधीच शिवत नाही’ हे नोट्समधलं लाडकं वाक्य साफ खोटं आहे. क्ष/(क्ष² + १) ची आडवी अनंतस्पर्शी म्हणजे क्ष-अक्ष, आणि हा आलेख आरंभबिंदूपाशी तो खुशाल ओलांडतो. दूरवर गेल्यावर काय होईल एवढंच ती रेषा सांगते, मधल्या भानगडींशी तिला कर्तव्य नाही.

समीकरणात मात्र कोपऱ्यातली नोंद विसरणं महागात पडतं. क्ष/(क्ष − ३) = ३/(क्ष − ३) + २ हे घ्या. दोन्ही बाजूंना (क्ष − ३) नं गुणलं की क्ष = ३ + २क्ष − ६, म्हणून क्ष = ३. आकडेमोड बिनचूक, आणि उत्तर खोटं, कारण ३ ठेवताच मूळ समीकरणातले दोन्ही छेद शून्य होतात. ज्यानं गुणलं तेच ३ पाशी शून्य होतं, आणि शून्यानं गुणलं की ५ = ७ सुद्धा खरं ठरतं. गुणण्याआधी ३/(क्ष − ३) डावीकडे आणून बघा: डावीकडे १ उरतो, उजवीकडे २. उकल मुळात नव्हतीच.

‘अमान्य’ हा शेरा मुलं दोन निराळ्या गोष्टींवर मारतात. संथ पाण्यात नावेचा वेग ताशी ८ किलोमीटर. प्रवाहाविरुद्ध १५ किलोमीटर जाऊन परत यायला एकूण ४ तास लागतात. १५/(८ − क्ष) + १५/(८ + क्ष) = ४ वरून क्ष² = ४, म्हणजे प्रवाहाचा वेग २ किंवा उणे २. उणे २ वर लगेच फुली बसते. पण समीकरणाची त्याला काहीच हरकत नाही. ठेवून बघा, चोख बसतो, फक्त जाण्यायेण्याच्या दिशांची अदलाबदल होते. त्याला आपण वगळतो ते वेग शून्याहून मोठा मानायचा असं ठरवलं म्हणून. मघाच्या ३ ला समीकरणानंच दारातून परत पाठवलं होतं.

याच उदाहरणात क्ष = ८ वर भिंत आहे. प्रवाह ताशी ७ असेल तर वर जायला १५ तास, ७.९ असेल तर १५०. ८ झाला की कितीही वल्हवा, नाव जागच्या जागी. आणि भिंतीपलीकडे, प्रवाह १० असताना? १५/(−२), उणे साडेसात तास. यावर वर्ग हमखास हसतो. एका मुलीनं मात्र वहीत लिहिलं होतं: नाव तोंड वर करून ताशी २ किलोमीटरनं मागे वाहते आहे, तेव्हा १५ किलोमीटर वरच्या त्या जागी ती साडेसात तासांपूर्वी होती.