सूज डोळ्याखाली, दुखणं दाढेत

शेरूच्या उजव्या डोळ्याखाली सूज आली तेव्हा घरात ज्याने त्याने आपापलं निदान केलं. जेल रोडच्या आमच्या सोसायटीत कुत्र्यांची भांडणं नेहमीचीच, त्यामुळे वॉचमनकाका म्हणाले, कुणीतरी चावलंय. सासूबाईंना गांधीलमाशीचा संशय. अँटिबायोटिकचा कोर्स झाला, सूज उतरली आणि काही आठवड्यांनी पुन्हा तिथेच आली. या वेळी ती फुटून पू वाहू लागला.

मग ज्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी सूज चाचपण्याआधी शेरूचा ओठ वर उचलला. वरच्या जबड्यातली मागची मोठी दाढ बाहेरच्या बाजूने तासल्यासारखी मोडली होती. मांस कातरायची ही दाढ. तिला तीन मुळं असतात आणि ती डोळ्याच्या खालपर्यंत पोचतात. कपचा उडाला की दाढेचा आतला मऊ भाग उघडा पडतो, जंतू मुळाशी जातात, पू साठतो आणि वाट फुटेल तिथून, म्हणजे गालातून, बाहेर येतो. औषधाने पू आटतो, पण मुळाशी संसर्ग तसाच असतो. सूज फिरून का येत होती, ते तेव्हा कळलं.

‘नळ्या देता का याला?’ डॉक्टरांनी विचारलं. आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, प्रेसमधून रिटायर झालेले. रविवारी मटण आणलं की त्यातली एक नळी शेरूची, हा त्यांचा लाड. अण्णा गप्पच झाले. डॉक्टर त्यांना समजुतीने म्हणाले, ‘काका, ज्यात आपल्या अंगठ्याचं नख रुतत नाही, ते कुत्र्याला चावायला द्यायचं नाही. एवढंच धरून चला.’

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की शेरूने जेवण एकदाही सोडलं नाही. दात ठणकत असतानाही कुत्रं खातं. खुणा असतात, पण बारीक: एकाच बाजूने चावणं, दोरी ओढायच्या खेळातून मध्येच अंग काढून घेणं, तोंडाजवळ हात नेला की मान फिरवणं. तोंडाला वास येतो, त्याला तर आपण कुत्र्याचा वास म्हणूनच मोकळे होतो. निरोगी तोंडाला असा कुजका वास येत नाही.

दाढ काढायला भूल द्यावी लागणार म्हटल्यावर शेजारीपाजारी घाबरवू लागले. आठ वर्षांचा कुत्रा, झेपेल का? आधी रक्त तपासलं, यकृत आणि मूत्रपिंडं ठीक आहेत ना ते पाहिलं, हृदय ऐकलं. भुलेशिवाय दातांचा एक्स-रे निघत नाही. तोंड उघडं ठेवून स्वस्थ पडून राहणारा कुत्रा कुठून आणायचा? श्वासनलिकेत नळी घालतात, म्हणजे स्केलिंगचं पाणी फुप्फुसात उतरत नाही. भूल न देता नुसते दात खरवडून देणारेही भेटतात. त्याने दात पांढरे दिसतात. हिरडीखालचा रोग जागचा हलत नाही. पैसे द्यायचेच, तर ते या दिखाव्यावर देऊ नयेत असं माझं ठाम मत आहे.

मुळं तीन दिशांना फाकलेली, म्हणून दाढ कापून तिचे तीन तुकडे केले आणि एकेक काढला. वर विरघळणारे टाके. बाकीच्या दातांवरचा पिवळा दगडही निघाला. लाळेची नलिका वरच्या दाढांपाशी उघडते, त्यामुळे तो तिथे सर्वांत जास्त साठतो. ४२ दातांपैकी ४१ राहिले. घरातली दुखण्यावरची गोळी मात्र अजिबात द्यायची नाही, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं. मांजराला तर साधी पॅरासिटामॉलही जिवावर बेतते.

जखम भरल्यावर घासणं सुरू झालं. आधी बोटाला गुंडाळलेलं ओलं फडकं, मग मऊ ब्रश. पेस्ट कुत्र्यांसाठीची. आपल्या पेस्टमधला फेस तो थुंकू शकत नाही आणि काही पेस्टमध्ये झायलिटॉल असतं, ते कुत्र्याला विष. घासायचं काम अण्णांनी स्वतःकडे घेतलंय आणि ते एकही दिवस चुकवत नाहीत.

शेजारच्यांचा पामेरियन आता आठ महिन्यांचा होईल. परवा अण्णांनी त्याचा ओठ उचलून पाहिला, तर नव्या सुळ्याला खेटून दुधाचा सुळा अजून उभाच. एवढ्या वयात तो पडून गेलेला असायला हवा. राहिला तर दोघांच्या फटीत अन्न अडकतं आणि नवा सुळाही वाकडा येतो. येत्या शनिवारी अण्णा त्यांना घेऊन डॉक्टरांकडे जाणार आहेत.